तुमचे गाव कुठले? – साखळीपासून स्क्रीनपर्यंत नकाशाची गोष्ट

दोन मराठी माणसे परदेशात पहिल्यांदा भेटली की नोकरी कुठे, मुले किती हे विचारून होण्याच्या आतच एक प्रश्न येतो, "तुमचे गाव कुठले?" समोरच्याने "पुणे" म्हटले तरी आपले समाधान होत नाही. "ते झाले हो, पण मूळ गाव?" मग तालुका निघतो, नदी निघते, देवस्थान निघते आणि नशीब जोरावर असेल तर दूरचे नातेही निघते!

आपल्या मंडळाच्या मोबाइल ॲपमध्ये यंदा नकाशा घालायचे ठरले ते या प्रश्नापायीच. कल्पना साधी होती. प्रत्येक कुटुंबाने दोन पिना टोचायच्या, एक मूळ गावाची आणि एक इथल्या घराच्या परिसराची. बोटाने नकाशा सरकवायचा, पिनेवर टिचकी मारायची की त्या गावची मंडळी दिसली पाहिजेत. मी पडलो आयटी सल्लागार, त्यामुळे हे काम आपसूकच माझ्या वाट्याला आले. प्रोग्राम लिहिण्याचा भाग चार-पाच शनिवार-रविवारांचा होता. पण नकाशाची एकेक अडचण सोडवताना मी ज्या इतिहासात शिरलो, त्यातून अजून बाहेर आलेलो नाही. तो इतिहास आपला आहे आणि थोडा या गावाचाही आहे, म्हणून हा लेखप्रपंच.

तोफखान्यातून आलेला नकाशा

इंग्लंडमध्ये डोंगर चढायला जाणारा प्रत्येकजण ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा ओळखतो. या संस्थेच्या नावातच तिचे मूळ आहे. ऑर्डनन्स म्हणजे तोफा-दारूगोळा. १७४५ च्या बंडानंतर स्कॉटलंडचे डोंगर ताब्यात ठेवायला लष्कराला नकाशे हवे झाले, पुढे फ्रेंचांच्या स्वारीची धास्ती वाढली, आणि १७९१ साली तोफखान्याच्या खात्याकडे देशाच्या मोजणीचे काम आले. नकाशा आधी सरदारांसाठी झाला, सहलीला जाणाऱ्यांसाठी फार नंतर!

हिंदुस्थानातही तेच. सर्व्हे ऑफ इंडियाची स्थापना १७६७ ची. पण खरी शास्त्रशुद्ध मोजणी सुरू झाली ती १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ, विल्यम लॅम्टन या लष्करी अधिकाऱ्याच्या हातून. तो ज्या ३३व्या पलटणीत होता तिचा प्रमुख होता आर्थर वेलस्ली, ज्याने १८०३ मध्ये आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे मराठ्यांचा पराभव केला. मोजणी आणि मोहीम अशा हातात हात घालून चालल्या होत्या.

लॅम्टनची पद्धत अशी. साखळीने सपाट जमिनीवर एक रेषा काटेकोर मोजायची, मग दूरच्या टेकड्यांवरच्या खुणांशी होणारे कोन मोजून त्रिकोणाला त्रिकोण जोडत देशभर जाळे विणायचे. त्यासाठी लंडनहून मागवलेले थिओडोलाइट सुमारे अर्धा टन वजनाचे होते. वाटेत फ्रेंचांनी ते जहाज पकडून मॉरिशसला नेले आणि नंतर सन्मानाने परत पाठवले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या गोपुरावर चढवताना ते आदळले, तेव्हा लॅम्टनने ते स्वतः दुरुस्त केले. वीस वर्षे त्रिकोण विणत हा माणूस उत्तरेकडे सरकत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी नागपूरच्या वाटेवर असताना वारला, आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे. त्याची कबर तिथेच आहे. विदर्भातल्या आपल्या मंडळींपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

त्याच्यानंतर आलेल्या जॉर्ज एव्हरेस्टने हे काम हिमालयाच्या पायथ्याशी नेले. पृथ्वी अगदी गोल नाही, किंचित चपटी आहे. तिचा आकार नेमका केवढा धरायचा याचे गणित त्याने १८३० मध्ये मांडले. हा 'एव्हरेस्ट १८३०' चा आकडा पुढे माझ्या ॲपमध्येही उपटला, त्याची हकीकत नंतर. १८५२ मध्ये राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाच्या आकडेमोडीतून पंधराव्या क्रमांकाचे शिखर जगात सर्वांत उंच ठरले आणि १८५६ मध्ये ते २९,००२ फूट म्हणून जाहीर झाले. नाव मात्र लागले एव्हरेस्टचे. गंमत म्हणजे इथल्या लोकांना आपले नाव उच्चारता-लिहिता येणार नाही, असा आक्षेप खुद्द एव्हरेस्टनेच घेतला होता!

इंदापूरची साखळी

त्रिकोणांचे जाळे राज्यकर्त्यांसाठी होते. शेतकऱ्याच्या बांधापर्यंत आलेला नकाशा वेगळा. पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारच्या प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे भागात सारा ठरवला, पण तो इतका जड झाला की लोक जमिनी टाकून निघून जाऊ लागले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी इंदापूर तालुक्यापासून नव्याने मोजणी सुरू केली. प्रत्येक शेत मोजायचे, त्याला क्रमांक द्यायचा, मातीची प्रत ठरवायची आणि तीस वर्षांसाठी सारा बांधून द्यायचा. आपल्या घरातल्या जुन्या कागदांवर 'सर्व्हे नंबर' दिसतो त्याचे मूळ हे. पुढे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र येऊन सातबारा झाला, ज्याच्यावरून आजही भाऊबंद कोर्टात जातात. तीस वर्षांची मुदत संपल्यावर सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध जो उठाव पसरला, त्यामागच्या कारणांत हा वाढलेला साराही होता. नकाशावरची रेघ माणसाच्या पोटावर कशी उठते त्याचे हे उदाहरण.

या मोजणीची साखळी ३३ फुटांची. इंग्लंडमध्ये एडमंड गंटरने सतराव्या शतकात रूढ केलेली साखळी ६६ फुटांची, म्हणजे २२ यार्ड. आकडा ओळखीचा वाटला ना? एजबॅस्टनवर आपण ज्या खेळपट्टीकडे डोळे लावून बसतो तिची लांबी बरोबर एक साखळी आहे. आपल्या मोजणीदाराची साखळी तिच्या निम्मी, आणि ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद चौकोन म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा! असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. पुढच्या वेळी सामना पाहताना मुलांना जरूर सांगा की अर्ध्या खेळपट्टीचा चौरस केला की गावाकडचा गुंठा होतो.

मर्केटरचा कागद आणि चौकोनी फरशा

मी २००३ मध्ये एम.एस्सी. करायला इथे आलो तेव्हा पहिल्या आठवड्यात घेतलेली वस्तू म्हणजे 'ए टू झेड' हे रस्त्यांचे पुस्तक. घर शोधायचे तर मागची सूची, पान क्रमांक, मग चौकोन, आणि हवी ती गल्ली नेमकी दोन पानांच्या मधल्या शिवणीत! संगणकावर मल्टिमॅप, स्ट्रीटमॅप होते, पण उजवीकडे सरकायला बाण दाबला की सगळे पान नव्याने उघडायचे.

८ फेब्रुवारी २००५ रोजी गुगल मॅप्स आले आणि हा प्रकार संपला. त्यामागे सिडनीतली एक छोटी कंपनी होती. लार्स आणि येन्स रासमुसेन हे डॅनिश भाऊ आणि त्यांचे दोन सहकारी यांची ही कंपनी गुगलने आदल्या वर्षी विकत घेतली होती. युक्ती अशी की सगळे जग एका चौकोनी चित्रात बसवायचे. एक पायरी जवळ गेले की त्या चौकोनाचे चार, आणखी एक पायरी गेले की सोळा. घराच्या फरशीसारखे हे तुकडे. अठराव्या पायरीला, जिथे घरे वेगवेगळी दिसतात, जगाच्या ६,८७१ कोटींहून अधिक फरशा होतात. आपला फोन त्यातल्या फक्त डोळ्यांसमोरच्या दहा-वीस मागवतो आणि आपण बोट सरकवू तशा नव्या जोडतो. म्हणून नकाशा वाहतो आहे असे वाटते.

पण गोल पृथ्वी चौकोनात बसवायची तर कुठेतरी ताणावी लागतेच. त्यासाठी वापरले गेले गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये दर्यावर्दी लोकांसाठी केलेले प्रक्षेपण. यात दिशा बिघडत नाहीत, पण विषुववृत्तापासून दूर जावे तसा प्रदेश फुगतो. आता हिशोब पाहा. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, युनायटेड किंगडमचे सुमारे २ लाख ४४ हजार. म्हणजे आपला महाराष्ट्र मोठा! पण फोनवरच्या जगाच्या नकाशात ब्रिटन महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठे दिसते. ॲपमध्ये दोन्हीकडच्या पिना दाखवताना खाली मोजपट्टी द्यायचा मी आग्रह धरला तो यासाठी. इथे वाढणाऱ्या मुलांना आई-वडिलांचे राज्य नकाशात उगाच लहान दिसू नये.

लोकांचा नकाशा आणि आपले बर्मिंगहॅम

नकाशा दाखवायचा, पण कोणाचा? एकदाच लिहून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालवायचे ॲप असले की हा प्रश्न जास्तच अडतो. रिॲक्ट नेटिव्ह या प्रकारात नकाशाचा जो प्रचलित घटक आहे तो काही वेगळे सांगितले नाही तर अँड्रॉइडवर गुगलचा नकाशा दाखवतो आणि आयफोनवर ॲपलचा. म्हणजे एकाच सोफ्यावर बसलेल्या नवरा-बायकोला एकाच गावाची दोन स्पेलिंगे! आणि मोठ्या कंपन्यांचे नकाशे अचूकच असतात असेही नाही. ॲपलने सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतःचा नकाशा आणला तेव्हा त्यात स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हन आणि आपले सॉलिहल सापडत नसल्याच्या बातम्या इथे गाजल्या. त्याच महिन्यात कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर माफी मागितली.

तिसरा मार्ग होता ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये शिकणाऱ्या स्टीव्ह कोस्टने तो सुरू केला. कारण अगदी व्यवहारी होते. करदात्यांच्या पैशाने झालेली ऑर्डनन्स सर्व्हेची माहिती वापरायला भरमसाट शुल्क पडे. मे २००० मध्ये अमेरिकेने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली होती, त्यामुळे साधे यंत्र खिशात घालून चालत गेले तरी रस्ता बऱ्यापैकी नेमका नोंदता येऊ लागला होता. मग लोक शनिवार-रविवारी सायकलवरून गल्ल्या फिरू लागले आणि घरी येऊन नकाशा काढू लागले. अखेर १ एप्रिल २०१० रोजी ऑर्डनन्स सर्व्हेनेही आपले बरेच नकाशे मोफत खुले केले. या लोक-नकाशाची जागतिक परिषद सप्टेंबर २०१३ मध्ये भरली ती आपल्याच शहरात, ॲस्टन विद्यापीठात.

भारतातही हवा पालटली. नकाशांवरचे जुने सरकारी निर्बंध १५ फेब्रुवारी २०२१ च्या नव्या नियमांनी भारतीय संस्थांसाठी बहुतांशी उठले. मी मंडळाच्या ॲपसाठी ओपनस्ट्रीटमॅप निवडला. दोन्ही फोनवर एकच चित्र, आणि चूक दिसली तर आपण स्वतः दुरुस्त करू शकतो. अट एवढीच की नकाशाखाली त्या हजारो अनामिक लोकांचे श्रेय छापायचे. ती आनंदाने पाळली आहे.

वेलांटी कुणीकडे?

खरी परीक्षा नावांची होती. इंग्रजांनी पुण्याचे पूना केले, खडकीचे किर्की, वसईचे बसीन, शीवचे सायन. बेळगाव १ नोव्हेंबर २०१४ पासून कागदोपत्री बेळगावी झाले. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. पिनेच्या मागे फक्त नाव साठवले तर दर काही वर्षांनी ती हरवणार. म्हणून ॲपमध्ये आधी अक्षांश-रेखांश साठतात आणि नाव कुटुंब सांगेल ते.

त्यात आपल्याकडे वडगाव, पिंपळगाव, निमगाव किती! मोठे ते बुद्रुक, लहान ते खुर्द. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. इंग्रजी नकाशात बुद्रुकचे नुसते 'बी.के.' उरते. वडगाव बी.के. वाचून एका छोट्याने "तिथे बर्गर किंग आहे का?" असे विचारले, तेव्हाच मी ठरवले की नावे देवनागरीतच हवीत.

तिथे नवीच अडचण. आजकालचे बरेच नकाशे तयार चित्र न पाठवता नुसत्या रेषा आणि अक्षरे पाठवतात आणि फोन ती स्वतः जोडतो. ही पद्धत रोमन लिपीच्या सवयीने बनली, एकापुढे एक अक्षर ठेवत जाणारी. देवनागरीत मात्र 'हि' लिहिताना ह आधी साठतो, पण वेलांटी त्याच्या डावीकडे यावी लागते. हे न कळणाऱ्या साधनांत हिंगणघाटची वेलांटी ह सोडून पुढच्या अक्षराकडे जाई आणि अक्कलकोटच्या जोडाक्षराचे पाय मोडत. मी शेवटी जुन्या पद्धतीच्या तयार चित्रांच्या फरशा वापरल्या, ज्यांवरची नावे सर्व्हरवरच नीट जुळवून छापली जातात. आकाराने थोड्या जड आहेत, पण लॅम्टनचे हिंगणघाट तरी शुद्ध दिसते!

पाण्याखालची गावे

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चाचणीच्या वेळी मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांनी विचारले, "माझी पिन कुठे टोचू? आमचे गाव उजनीत गेले." भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. ज्या इंदापूर तालुक्यात शेत न् शेत मोजायला सुरुवात झाली, त्याच तालुक्यातील गावे त्याच्या जलाशयात गेली. पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर पाणी फार ओसरले की अजूनही वर येते. गावे नव्या जागी वसली, नावेही तीच राहिली, पण काकांना नवे गाव नको होते. आणि जुन्या जागी नकाशात फक्त निळा रंग होता.

असे प्रश्न कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठच्या कुटुंबांचेही आहेत. आणि आपण इथे बर्मिंगहॅममध्ये नळाची तोटी उघडतो तेव्हा येणारे पाणी वेल्समधल्या एलान खोऱ्यातून सुमारे ७३ मैल वाहत येते. १८९२ च्या कायद्याने बर्मिंगहॅम महापालिकेने ते खोरे घेतले. घरे, शेते, चर्च, शाळा पाण्याखाली गेली, सुमारे शंभर माणसांना उठावे लागले, आणि भरपाई मिळाली ती जमीनमालकांना. कुळांना नाही. २१ जुलै १९०४ रोजी सातव्या एडवर्ड राजाने हे पाणी सुरू केले. काकांना मी हे सांगितले तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे इकडेही आमच्यासारखेच कुणाचे तरी पितो आहोत."

त्यांची पिन लागली. अमेरिकेच्या टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने १९५० च्या दशकातले अमेरिकन लष्कराचे भारताचे नकाशे संगणकावर ठेवले आहेत. धरणाच्या आधीचे असल्याने त्यात भीमा नुसती नदी आहे. तो नकाशा आजच्या नकाशावर पसरला तर सगळे शंभरेक मीटर बाजूला सरकलेले दिसते. कारण जुना नकाशा 'एव्हरेस्ट १८३०' च्या पृथ्वीवर काढलेला आणि आपला फोन जीपीएसच्या आजच्या पृथ्वीवर चालणारा! तेवढे अंतर गणिताने काढून टाकले की दोन्ही नकाशे एकमेकांवर बसतात. ॲपमध्ये आता 'जुने गाव' असा वेगळा रकाना आहे आणि ती पिन निळ्या पाण्यातही टोचता येते. काकांनी गावाचे नाव स्वतः देवनागरीत लिहिले आणि पुढे नातवाला वेस, ओढा आणि तालीम कुठे होती ते बोटाने दाखवले. यातले काहीही कोणत्याही कंपनीच्या नकाशात नाही. ते फक्त त्यांना आठवते.

थोडेसे मागणे

तेव्हा वाचकहो, एक विनंती. आई-वडील उन्हाळ्यात इकडे आले की त्यांना फोन हातात देऊन बसवा. गावाचा पार, नदीचा घाट, जुनी शाळा, बुडालेली वाडी, जे आठवेल ते ॲपमध्ये टोचा आणि नाव ते उच्चारतात तसेच देवनागरीत लिहा. ज्यांना आवड आहे त्यांनी आपल्या गावाचे मराठी नाव ओपनस्ट्रीटमॅपवरही जरूर भरावे. तिथे मराठी नावासाठी आणि जुन्या नावासाठी स्वतंत्र जागा आहेत आणि त्या बऱ्याच ठिकाणी अजून रिकाम्या आहेत. दहा मिनिटांचे काम आहे, आणि ते जगात सर्वांना दिसते.

गणेशोत्सवात हॉलच्या दाराशी प्रसादाच्या टेबलाशेजारी मी लॅपटॉप आणि जुने नकाशे घेऊन बसणार आहे. ज्यांची गावे सापडत नाहीत त्यांनी तालुका, नदी आणि शेजारच्या दोन गावांची नावे विचारून यावे. बाकीचे आपण मिळून शोधू.